खाण किती वेगानं खोदायची, हे कोण ठरवणार?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: "सुरजागडच्या लोहखनिजामुळे आमचा मागास जिल्हा पुढे जाणार, असं सगळे सांगतात. माझा भाऊ खाणीवर ड्रायव्हर आहे. आईवडील अजून तेंदू आणि मोहावर जगतात. खाण आमच्या भल्याची की बुऱ्याची? ग्रामसभा खरंच 'नाही' म्हणू शकते का? आणि खनिजाचा पैसा नेमका जातो कुठे?"

मी खाण अभियंता आहे. नागपुरात शिकलो, उमेदीची वर्षं कोळशात आणि नंतर लोहखनिजात काढली. आता खाण आराखडे आणि पर्यावरण अहवाल तपासायचं काम करतो. या धंद्यावर माझं घर चाललं आणि खाणकाम मुळातच वाईट असतं असं मला वाटत नाही. पोलाद लागतंच. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणानं २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचं लक्ष्य ठेवलं आहे आणि तेवढ्या पोलादासाठी खनिज कुठून तरी काढावंच लागणार. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'खाण हवी' किंवा 'खाण नको' एवढ्यात संपत नाही. डोंगर किती वेगानं खोदायचा, तो वेग कोण ठरवतं आणि डोंगर संपल्यावर तुमच्या हातात काय उरतं, यावर ते ठरतं. या तिन्ही बाबतींत आजचं धोरण तुमच्या गावाच्या बाजूनं कमकुवत आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

आधी पैसा, कारण तो मोजता येतो.

समजा लोहखनिजाची सरासरी विक्री किंमत टनाला ४,००० रुपये आहे. हा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतला. खरा आकडा राज्यवार आणि प्रतवारीनुसार भारतीय खाण ब्युरो जाहीर करतं आणि त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. लोहखनिजावर स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, १५ टक्के. टनामागे ६०० रुपये झाले. हे सगळे राज्याच्या तिजोरीत जातात. तिथून ते तुमच्या तालुक्यात परत यावेत असं बंधन कुठल्याही कायद्यात नाही.

जिल्ह्यासाठी वेगळा रस्ता काढला तो २०१५ च्या दुरुस्तीनं. खाण आणि खनिज कायद्यात कलम ९-ब आलं आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या पट्ट्यावर, म्हणजे खाणीसाठी भाड्यानं दिलेल्या जमिनीवर, कंपनीनं स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम प्रतिष्ठानात भरायची. आपल्या हिशेबात ते १८० रुपये. त्यानंतर लिलावातून दिलेल्या पट्ट्यावर मात्र फक्त १० टक्के, म्हणजे ६० रुपये. लिलावात कंपनी राज्याला वर प्रीमियम देते. ओडिशातल्या २०२० च्या लोहखनिज लिलावांत काही बोली खनिजाच्या किमतीच्या १०० टक्क्यांच्याही वर गेल्या, इतका तो प्रीमियम मोठा असू शकतो. पण तो राज्याचा. म्हणजे लिलावाची पद्धत आली तेव्हा राज्याचा वाटा कितीतरी वाढला आणि ज्या जिल्ह्याचा डोंगर जातो त्याचा वाटा एक तृतीयांशावर आला. सुरजागडचा चालू पट्टा २००७ सालचा आहे, म्हणून तो ३० टक्क्यांत बसतो. त्या डोंगररांगेतले जे नवे ब्लॉक पुढे येत आहेत ते १० टक्क्यांत बसतील. २०२३ मध्ये तोडगट्टा इथे लोक महिनोन्‌महिने धरणं देऊन बसले होते ते या नव्या खाणींच्या विरोधात. त्यांच्या मागण्यांत पैशाचा हा मुद्दा पुढे नव्हता, पण असायला हवा होता असं मला वाटतं.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिजजमिनीवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. राज्यांसाठी तो मोठा विजय होता. जिल्ह्याच्या आणि गावाच्या पदरात त्यातून आपोआप काही पडत नाही.

प्रतिष्ठानाच्या पैशाचं काय होतं, ते नीट पाहा. केंद्राच्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेप्रमाणे तो पैसा खाणबाधित भागासाठी आहे. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा प्राधान्याच्या बाबींवर होती. २०२४ च्या सुधारित सूचनांत ती ७० टक्के झाली. खाणीपासून १५ किलोमीटरचा परिसर प्रत्यक्ष बाधित धरला जातो. आणि एक तरतूद फारसं कोणी वाचत नाही: अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत या निधीतून काहीही करायचं तर ग्रामसभेची मंजुरी लागते आणि झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तुमच्या गावात हा अहवाल आजवर कधी वाचला गेला का, ते विचारा. अनेक खाणजिल्ह्यांत मी पाहिलेली गोष्ट अशी की प्रतिष्ठानाचा पैसा इमारतींत आणि रस्त्यांत लवकर मुरतो, कारण तिथे निविदा काढणं सोपं असतं. दवाखान्यात डॉक्टर टिकवणं, शाळेत माडिया बोलणारा शिक्षक ठेवणं ही कामं निविदेत बसत नाहीत.

यातली मूळ गफलत मात्र वेगळी आहे. खनिज हे उत्पन्न नाही, ती मालमत्ता आहे. शेत विकून आलेल्या पैशाला आपण पीक म्हणत नाही; तो खर्चून टाकला तर पुढच्या वर्षी हातात शेतही नसतं आणि पैसाही नसतो. सरकारी हिशेबात मात्र खनिजाचा पैसा चालू उत्पन्न म्हणून जमा होतो आणि चालू खर्चात उडतो. यावर देशात एकदाच थेट बोट ठेवलं गेलं, आणि ते आपल्या शेजारी, गोव्यात.

गोव्याची गोष्ट गडचिरोलीच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असायला हवी. पोर्तुगिजांनी दिलेल्या खाण सवलतींचं १९८७ च्या कायद्यानं पट्ट्यांत रूपांतर झालं. दोन हजारच्या दशकात चीनला कमी प्रतीचं खनिजही हवं झालं आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून उपसा इतका वाढला की २०१०-११ मध्ये सुमारे पाच कोटी टन खनिज मांडवी आणि झुआरीच्या बार्जेसमधून बाहेर गेलं. एवढ्याशा राज्यातून! शेतांत लाल गाळ बसला, विहिरी आटल्या, आणि ट्रकांच्या रांगांनी रस्ते अडले. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, राज्यानं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की ते पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते, म्हणजे मधली पाच वर्षं खोदाई बेकायदा होती. त्याच निकालात दोन गोष्टी आल्या. वर्षाला दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा, आणि विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी, पुढच्या पिढ्यांसाठी. २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरणही रद्द झालं.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते ट्रकवाल्यांचं. खाणी वेगात होत्या तेव्हा गावागावांतल्या कुटुंबांनी शेती सोडून, कर्ज काढून ट्रक घेतले. खाण एका रात्रीत थांबली तेव्हा हप्ते थांबले नाहीत. शेतावर परत जावं तर शेतात गाळ. खाणीला विरोध करणारे आणि खाणीवर पोट असलेले एकाच वाड्यावरचे, पुष्कळदा एकाच घरातले होते. तुमच्या घरातही तेच आहे, म्हणून हे सांगतो. अफाट वेगानं वाढलेली खाण बंद पडते तेव्हा तीही तशीच एका झटक्यात पडते, आणि तो झटका कंपनीपेक्षा गावाला जास्त बसतो.

आता सुरजागडचा वेग बघा. लॉइड्स मेटल्स या कंपनीकडे असलेला पट्टा सुमारे ३४८ हेक्टरांचा. खोदाई २०१६ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खनिज वाहतुकीची डझनावारी वाहनं जाळली, काम रखडलं, आणि २०२१ पासून ते पुन्हा जोमानं सुरू झालं. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये २.६ कोटी टनांपर्यंत. डोंगर तोच, पट्टा तोच. दहा वर्षांच्या आत वेग आठ पटींहून जास्त.

याचा अर्थ साध्या भागाकारानं कळतो. समजा एखाद्या पट्ट्यात १० कोटी टन चांगलं खनिज आहे. वर्षाला ३० लाख टन काढलं तर ते ३३ वर्षं पुरेल. तुमच्या भावाची अख्खी नोकरी त्यात बसते आणि त्याच्या मुलाची सुरुवातही. वर्षाला १ कोटी टन काढलं तर १० वर्षं. २.६ कोटी टन काढलं तर चार वर्षांत संपतं. पुढे कमी प्रतीचं खनिज धुऊन, दळून वापरात आणता येतं आणि आयुष्य लांबतं, हे खरं. पण त्याला पाणी आणि वीज खूप लागते, आणि दळल्यावर उरलेला बारीक गाळ कुठे साठवायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. शिवाय नोकऱ्या टनांच्या प्रमाणात वाढत नाहीत. शंभर टनी डंपर आला की दहा लहान टिप्परांचं काम एक माणूस करतो. खाण आठ पट झाली म्हणून नोकऱ्या आठ पट झाल्या असं मी कुठल्याही खाणीत पाहिलेलं नाही.

भावाच्या बाबतीत एक व्यावहारिक सल्ला देतो. त्याचं नेमणूकपत्र कोणाच्या नावानं आहे ते बघा: कंपनीच्या, खाण चालवणाऱ्या ठेकेदाराच्या, की त्याच्याही खालच्या वाहतूक ठेकेदाराच्या? जितकं खाली तितकं ते काम आधी जातं. त्याला खाण सुरक्षा महासंचालनालयाची माईन मेट (खाणीतला मुकादम) किंवा ब्लास्टरची (सुरुंग लावणारा) परीक्षा द्यायला लावा. ते प्रमाणपत्र त्याचं स्वतःचं असतं, ही खाण संपली तरी दुसरीकडे चालतं. पुढे फोरमन होता येतं. स्थानिक मुलांना ड्रायव्हर, सुरक्षारक्षक आणि हेल्पर यांपलीकडे नेणारा हा एकच रस्ता मला खात्रीचा वाटतो, आणि प्रतिष्ठानाच्या निधीतून याचे वर्ग एटापल्लीत चालवायला काहीच अडचण नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण ते तुम्ही स्वतः तपासू शकता.

लोहखनिजाचा डोंगर बाहेरून लोखंडासारखा टणक दिसतो. पण वरचा जांभा आणि त्याखालचं हेमॅटाइट, म्हणजे खुद्द लोहखनिज, भेगाळ, सच्छिद्र असतं. पावसाळ्यात हा थर पाणी पितो आणि पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांतून सोडत राहतो. तुमच्याकडचे ओढे हिवाळ्यातही वाहतात ते यामुळे. खाण नेमका हाच थर काढते. माथ्यापासून पायऱ्या, म्हणजे बेंच, पाडत ती खाली उतरते. निरुपयोगी दगडमाती बाजूला डंपमध्ये पडते. उघड्या बेंचवरून आणि डंपवरून पहिल्या पावसाचं पाणी उतरतं ते गेरूसारखं लाल. ते अडवायला डंपच्या पायथ्याशी चर खणतात, त्याला आम्ही गारलँड ड्रेन म्हणतो, आणि ते पाणी सेटलिंग पाँडमध्ये नेतात. तिथे गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी ओढ्यात सोडायचं. कागदावर ही व्यवस्था प्रत्येक खाणीत असते. ती चालते की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे: मे महिन्याच्या अखेरीस पाँड बघा. तो रिकामा, गाळ उपसलेला असेल तर ठीक. गेल्या वर्षीच्या गाळानं भरलेला असेल तर जूनमध्ये आलेलं पाणी त्याच्यावरून तसंच पुढे जाणार आणि तुमच्या धानाच्या बांध्यांत बसणार. बांधीत हा बारीक गाळ एकदा बसला की जमीन वाळल्यावर सिमेंटसारखी घट्ट होते, मुळं खाली जात नाहीत.

पर्यावरण अहवालातली सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे. अहवालासाठी हवा-पाण्याची मूळ स्थिती एका हंगामात मोजतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. लोहखनिज खाणीचा पाण्याचा त्रास तर पावसाळ्यातच होतो. मग अहवालात ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, कारण नमुना जानेवारीत घेतलेला असतो. मी तपासलेल्या अहवालांत ही हरकत दर वेळी लिहितो. नियमात बसतं, या उत्तरावर ती बहुतेक वेळा निकाली निघते.

शेजारी बैलाडिला आहे, तुमच्यापासून सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या दंतेवाड्यात. तिथे १९६८ पासून लोहखनिज निघतं. सुरुवातीला ते विशाखापट्टणमहून जपानला जायचं. शंखिनी आणि डंकिनी नद्यांचं पाणी खनिजाच्या गाळानं लाल झालं आणि काठची शेती बिघडली, हे तिथला कोणीही सांगेल. देशाच्या पोलादाला बैलाडिलानं जे दिलं ते खूप मोठं आहे. पण पन्नासहून जास्त वर्षं देशातलं उत्तम खनिज दिल्यावरही दंतेवाडा जिल्हा गरीबच राहिला, हे आपल्या धोरणाचं अपयश आहे आणि ते मान्य केल्याशिवाय गडचिरोलीला कोणी मोठमोठी आश्वासनं देऊ नयेत.

आता ग्रामसभा. इथे लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून नीट सांगतो.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ मध्ये केले. पेसात ग्रामसभेची शिफारस लागते ती गौण खनिजांसाठी: मुरूम, रेती, गिट्टी. लोहखनिज प्रमुख खनिजांत मोडतं. त्याच्या पट्ट्याबाबत पेसाच्या खनिजविषयक कलमांत ग्रामसभेचं नाव नाही. मुरमासाठी विचारायचं आणि डोंगरासाठी विचारायचं नाही, अशी ही रचना आहे आणि ती बदलायला हवी.

खरा आधार आहे तो वनहक्क कायद्याचा. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकानं म्हटलं की वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर आधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण करा आणि ग्रामसभेची संमती घ्या. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या खटल्यात १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं हे अधिक पक्कं केलं: डोंगरिया कोंध आदिवासींच्या देवाचा, नियमराजाचा, डोंगर बॉक्साइटसाठी खोदायचा की नाही याबाबत त्यांचे धार्मिक आणि सांस्कृतिक हक्क ग्रामसभांनी तपासावेत. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही जणींनी नकार दिला, आणि केंद्रानं मंजुरी नाकारली. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, ग्रामसभा 'नाही' म्हणू शकते आणि ते 'नाही' देशात टिकलेलं आहे. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, इलाख्यातल्या गावांचं ते दैवत आहे. नियमगिरीचा निकाल वाचला की तुम्हाला आपल्याच डोंगराबद्दल वाचतोय असं वाटेल.

पण नियमगिरीत आणखी एक गोष्ट घडली होती. डोंगराच्या पायथ्याशी लांजीगडला बॉक्साइटवर चालणारा कारखाना उभा राहिला तो डोंगराची परवानगी मिळण्याआधीच. एकदा कारखान्यात हजारो कोटी अडकले की 'आता खनिज दिलं नाही तर एवढी गुंतवणूक वाया जाईल' हा युक्तिवाद तयार असतो. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे. जिल्ह्यातच मूल्यवर्धन व्हावं ही मागणी योग्य होती, मीही ती करत आलो. पण कारखान्याची क्षमता आता डोंगराचा वेग ठरवू लागली आहे, आणि ते उलटं आहे.

तुमच्या बाबतीत कायद्याचा एक पेच आहे. मूळ पट्टा २००७ चा, आणि वनहक्क कायदा अमलात आला ३१ डिसेंबर २००७ ला. त्यामुळे पट्टा देताना ग्रामसभेची संमती हा टप्पाच नव्हता. पुढे २०१५ च्या दुरुस्तीनं जुन्या पट्ट्यांची मुदत ५० वर्षांची झाली. म्हणजे जो निर्णय तुमच्या वडिलांना न विचारता झाला त्याची मुदत तुमच्या मुलांच्या हयातीपर्यंत वाढली, तीही न विचारता. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी तर संमतीची जागाच बदलली: केंद्र आधी मंजुरी देऊ शकतं, वनहक्कांची पूर्तता राज्यानं नंतर, अंतिम आदेशापूर्वी पाहायची. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानं तेव्हाच याला हरकत घेतली होती. दिल्लीहून मंजुरी आल्यावर तुमच्या गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, येऊन 'तुमचं मत काय' असं कोणी विचारलं, तर त्या प्रश्नात जीव किती? रस्ते आणि पाइपलाइन यांना तर फेब्रुवारी २०१३ पासून बहुतेक बाबतींत ही संमती लागतच नाही.

संमती बनावट असू शकते हेही लक्षात ठेवा. बैलाडिलाच्या एका नव्या खाणीविरुद्ध २०१९ मध्ये हजारो आदिवासी खाणीजवळच्या किरंदुल गावी जमले. हिरोली गावच्या ग्रामसभेचा ठराव खोटा असल्याचा त्यांचा आरोप होता, आणि चौकशीनंतर तो ठराव रद्द झाला. म्हणून कोरमचा नियम पाठ करा: वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. ग्रामपंचायतीची मासिक सभा म्हणजे ही ग्रामसभा नव्हे. तुमच्याकडे प्रत्येक टोल्याची, म्हणजे पाड्याची, स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते.

जनसुनावणीबद्दल माझा राग मी लपवत नाही. पर्यावरण मंजुरीबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची असते. सुरजागडच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीत. डोंगराखालच्या गावांपासून हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. सुरक्षेचं कारण दिलं जातं. पण ज्या रस्त्यानं रोज शेकडो ट्रक सुरक्षित जाऊ शकतात त्या रस्त्यानं चार अधिकारी एका दिवसासाठी येऊ शकत नाहीत, हे मला पटत नाही.

बंदुकीचा विषय टाळता येणार नाही. तुमच्याकडे वर्षानुवर्षं माणसं दोन्हीकडून दबली. खाणीच्या बाजूनं बोलला तर नक्षल्यांची भीती, विरोधात बोलला तर नक्षलसमर्थक म्हणून पोलीस ठाण्यात. आता हिंसा ओसरते आहे आणि त्याचा आनंद आहे. मग याच वेळी मोकळेपणानं विचारायला काय हरकत आहे? इतकी वर्षं भीतीमुळे लोक बोलू शकले नाहीत, असं सरकारच सांगत आलं. भीती गेली असेल तर बोलणं ऐकायला हवं.

खाण आली नसती तर काय होतं, हाही प्रश्न येतोच: जंगलात काय उत्पन्न आहे? तुमच्याच जिल्ह्यात मेंढा लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. आज गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. देशात असा दुसरा जिल्हा दाखवणं कठीण. तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करतात. भाव पडतो, व्यापारी पैसे बुडवतो, हे सगळं होतं. ती काही स्वर्गीय व्यवस्था नाही. पण हे उत्पन्न दर वर्षी उन्हाळ्यात परत येतं, घरातल्या बाईच्या हातात येतं, आणि कुठल्याही टनभाराच्या हिशेबात दिसत नाही. खाणीच्या नफ्याची तुलना करताना हा रकाना रिकामा ठेवला जातो.

माझी भूमिका विचाराल तर अशी. चालू खाण बंद करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या भावासारख्या हजारोंना त्याची किंमत मोजावी लागेल. पण वेग वाढवायच्या प्रत्येक परवानगीला नवीन निर्णय मानून ग्रामसभांची संमती आधी घ्यावी. जिल्ह्यासाठी वार्षिक टनांची मर्यादा ठरावी, गोव्यात ठरली तशी, आणि ती रस्ते, ओढे आणि पुनर्भरण यांच्या मोजणीवर ठरावी. नव्या लिलावांतही जिल्हा प्रतिष्ठानाला ३० टक्केच मिळावेत. त्यातला ठरावीक भाग कायम निधीत जावा, ज्याचं फक्त व्याज खर्च होईल. ठाकूरदेवाचा माथा आणि झऱ्यांची उगमस्थानं पट्ट्यातून कायमची वगळावीत. आजच्या तंत्रात आणि आजच्या नफ्यात हे सगळं बसतं, हे मी आकड्यांनिशी सांगू शकतो.

तुमच्या हातात लगेच करता येण्यासारखं काय आहे ते सांगून थांबतो. पर्यावरण मंजुरीचं पत्र केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर असतं, ते उतरवून घ्या. त्यातल्या अटी क्रमवार लिहिलेल्या असतात. कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, या अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. तो घ्या. पाण्याच्या आणि डंपच्या अटी तेवढ्या निवडून ग्रामसभेत माडियात वाचा. मग दोन-चार जण ओढ्यावर जाऊन जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये ठरलेल्या जागी, ठरलेल्या तारखेला पाण्याचे नमुने पारदर्शक बाटल्यांत भरा; बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि भरणाऱ्याचं नाव लिहा, बाटलीचा ओढ्यासकट फोटो काढा, आणि हे सगळं ग्रामसभेच्या ठराववहीत नोंदवून त्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पोच घेऊन द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अर्जात आणखी एक ओळ घाला: जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून आमच्या गावासाठी आजवर मंजूर झालेल्या कामांची यादी आणि त्यावर ग्रामसभेची मंजुरी कोणत्या तारखेला घेतली, ते कळवावं. अहवालाची भाषा समजली नाही तर तो मला पाठवा, मी मराठीत उतरवून देईन.